डॉक्टरबाईंच्या गोड गोळ्या

कारखान्याच्या डॉक्टरबाईंस,

मी तुमच्या लेथवाल्याची आई. मला अक्षरओळख नाही. मी सांगतेय, नात लिहितेय आणि तोंड दाबून हसतेय.

लेकाचं नळीभर रक्त काढलंत आणि सांगितलंत, आजार अजून नाही, पण साखर नि चरबी दोन्ही त्याच वाटेला लागल्यात. तेव्हापासून घरात ऊठसूट तुमचंच नाव. "बाई म्हणाल्या चाला," की निघाला हा चालायला! मी चाळीस वर्षं घसा कोरडा केला, तेव्हा ढिम्म हलला नाही. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

चहात साखरेऐवजी टाकायला तुम्ही दिलेल्या गोड गोळ्या मी मोरीत ओतल्या आणि त्याच्या रोजच्या पाचही कपांत साखर घातली. वाटलं, म्हणेल, आईच्या हातची चव. तर म्हणतो कसा, "काय झकास गोळ्या दिल्यात बाईंनी!"

तीन महिन्यांनी आकडे वाढले. साखर सोडलीय म्हणाला, तर चारचौघांत तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात. मान खाली घालून घरी आला, जेवला नाही. बाई, तो खरंच बोलत होता.

नात पत्ता विचारतेय. म्हटलं, पाकीट राहू दे, आधी बापाला वाचून दाखव. तोवर मी बिनसाखरेचा चहा टाकते.

सही येत नाही, म्हणून अंगठा,
खऱ्या खोटारडीचा