वहिनीला द्यायचा लॅपटॉप

४ फेब्रुवारी, मंगळवार
जुना लॅपटॉप वहिनीला द्यायचं ठरवलं. नऊ वर्षं वापरला. आता तो सुरू होईस्तोवर माझे दात घासून होतात. दादा म्हणाला, "तिला काय कळणार त्यातलं?" म्हटलं, शिवणकामाचे व्हिडिओ तर बघेल. दुरुस्तीवाल्याकडे टाकलाय – नवी डिस्क, जास्तीची रॅम. देतेच आहे तर धड द्यावा.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आणला. घरी बटण दाबलं – पडदा काळाच. नुसता पंखा घरघरतोय. दुरुस्तीवाला फोनवर म्हणे, "मॅडम, माझ्याकडे चालू होता." उद्या जाऊन चांगली खरडपट्टी काढते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
अजून डोकं ठिकाणावर नाही.
सकाळी ऑफिसला निघताना लॅपटॉप पिशवीत घालत होते. वहिनी भाजी चिरत होती. म्हणाली, "बघू का मी जरा?" मी हसले. हसले मी!
तिने हात धुऊन कोरडे केले. शिलाई मशीनच्या खणातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला. लॅपटॉप पालथा घातला, मागचं झाकण उघडलं, बॅटरी सोडवली. मग रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने पुसली आणि खट्कन परत बसवली. "घाईत बसवलीय त्याने." बटण दाबलं – लागला.
"कुठे शिकलीस हे?"
"लग्नाआधी सहा वर्षं हेच तर करत होते. कॉम्प्युटरचे बोर्ड दुरुस्त करायचे. दुकानात चार पुरुष होते, पण जळका बोर्ड माझ्याच टेबलावर यायचा."
बावीस वर्षं एका घरात राहतोय. आधी काय करायचीस, एवढंही मी कधी विचारलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
दादाला विचारलं. "होतं काहीतरी दुकानात. सुटलं ते." पेपरातून मानही वर केली नाही. सुटलं म्हणे.

९ फेब्रुवारी, रविवार
कपडे वाळत घालताना वहिनी आपणहून बोलली. लग्नानंतर दोन महिन्यांनी पुन्हा कामावर जायचं ठरलं होतं. त्याआधीच दुकानाच्या मालकांचा घरी फोन आला. कुणीतरी उचलला आणि सांगितलं, ती आता येणार नाही. चार दिवसांनी ही गेली, तर हिच्या टेबलावर दुसराच माणूस.
मी म्हटलं, "आईच असणार." तिने एक चादर झटकली.
रिकामी बादली घेऊन आत आले आणि जुना फोन असायचा त्या कोपऱ्याशी थांबले. आई नव्हती. मी होते. माझ्या निकालाचा दिवस. मैत्रिणीच्या फोनची वाट बघत फोनपाशी बसलेली. मध्येच कुणी माणूस वहिनीची चौकशी करत लाइन अडवून बसला – तोंडाला येईल ते सांगून फोन ठेवला. पास झाले, आणि विसरूनही गेले.
एकोणीस वर्षांची होते. पण म्हणून काय?

१० फेब्रुवारी, सोमवार
तिच्या हातचा डबा उघडवला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सांगून टाकलं. ती म्हणाली, "माहीत आहे. मालक म्हणाले होते, कोवळ्या मुलीचा आवाज होता. घरात तेव्हा तूच एक."
"मग विचारलं का नाहीस?"
"विचारलं असतं तर तू 'मी नव्हतेच' म्हणून खोटं बोलली असतीस. मग मला तुझ्याशी कधी धड बोलताच आलं नसतं."