आतली पट्टी

मंगळवार, संध्याकाळ

आज मी डॉक्टरसाहेबांना नाही म्हटलं. आठवून अजून हसू येतंय.

कामठ्याच्या पेशंटच्या मांडीत रॉड घालायचा होता. रॉडचा डबा वाफेच्या मशीनमधून निघाला, बाहेरची टेप काळी झालेली. झाकण काढलं तर वाफ लागली की काळी होणारी आतली पट्टी पांढरीच. म्हणजे वाफ आत पोचलीच नव्हती. पोचणार कशी? घाईत डबा ठासून भरलेला. भरला कोणी? मीच.

"टेप काळी आहे ना सिस्टर, द्या."

"नाही साहेब. आतली पांढरी आहे, आणि चूक माझी आहे."

ते चिडले. नशीब, भूल दिली नव्हती.

बाहेर पेशंटची बायको विचारते, "काऊन थांबवून राहिले जी?"

खरं तेच सांगितलं. "सामानावर जंतू राहिले तर हाड सडेल."

"मंग थांबतो ना आम्ही."

सामान दोन डब्यांत सुटं मांडून पुन्हा मशीनमध्ये लावलं. या वेळी पट्टी काळीकुट्ट. ऑपरेशन छान झालं.

दुपारच्या दुसऱ्या केसला मी डबा पुढे केला, तर साहेबांनी हात मागेच ठेवला. म्हणाले, "सिस्टर, आधी आतली पट्टी दाखवा."