बोडी फुटली होती, डोके नव्हे

मी, सुशिलाबाई चुन्नीलाल रहांगडाले, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, मुक्काम दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करून ठेवते. माझी बुद्धी व स्मरण शाबूत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की भरीस पाडलेले नाही. वकील साहेब म्हणाले, हे वाक्य सगळ्यांच्याच कागदात असते, आणि पुढे वाचू लागले. मी त्यांना थांबवले. इतरांच्या कागदात ते रिवाजाने येत असेल. माझ्या बुद्धीवर मागच्या पावसाळ्यात खरोखरच शंका घेतली गेली, म्हणून ते कसे घडले हेही या कागदात येईल.

मला लकव्याचा झटका येऊन गेला आहे. उजवा हात कामाचा राहिला नाही, तोंड एका बाजूला ओढले गेले, बोलणे जड झाले. म्हणून मी सांगते आहे आणि आमच्या गावचे निवृत्त शिक्षक केशोराव कटरे गुरुजी लिहून घेत आहेत. शुद्धलेखन त्यांचे, म्हणणे माझे. जिथे त्यांनी माझे म्हणणे फार गुळगुळीत केले तिथे मी पुन्हा लिहायला लावले आहे.

कलम १. माझे यजमान चुन्नीलाल वारल्याला बरीच वर्षे झाली. ते शेतीपंप दुरुस्त करायचे. आम्हाला एकच मुलगा, ओमेश. तो पुण्यात कंपनीत नोकरीला आहे. सून दुर्गेश्वरी. हेच माझे वारस. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम २. दवनीवाड्याचे राहते घर ओमेशला मिळावे. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. घर माणसासाठी असते, माणूस घरासाठी नाही. मात्र मी जिवंत असताना विकायचे नाही. हे लिहायची गरज काय, असे गुरुजींनी विचारले. गरज आहे. मागच्या पावसाळ्यात एक दलाल येऊन माझ्याच अंगणात पावले टाकून जागा मोजून गेला. मी ओसरीत खुर्चीवर बसले होते. त्याने मला नमस्कार केला आणि माझ्याबद्दल सगळे मंजूला विचारले.

मंजू म्हणजे माझी देखभाल करणारी बाई. ती कशी आली ते सांगते.

झटक्यानंतर ओमेश मला पुण्याला नेणार होता. मी नाही म्हटले. मग त्याने नागपूरच्या एका एजन्सीकडून घरी राहणारी बाई ठेवली. पोराची नियत चांगली होती, हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवते. पण त्या एजन्सीची रीत अशी, की बाई रुळली की बदलायची. कारण काय, तर माया लागू नये. पहिली बाई मला थंड पाण्याने आंघोळ घालायची आणि ओट्स नावाचा लगदा भरवायची. तिच्या फोनमध्ये तसे लिहून आले होते म्हणे. मी भाताची पेज मागायची, ती मान डोलवायची आणि लगदा आणायची. दुसरी बाई स्वभावाने गरीब होती, पण तिचे सगळे ध्यान मोबाइलमध्ये. तिला माझ्या खाण्यात काय चालते हे कळेपर्यंत तिची बदली झाली. येणारीला जाणारी काही सांगून जात नसे. प्रत्येक वेळी मी नवी, आणि प्रत्येक वेळी माझे पथ्य नवे.

रोजचा रिपोर्ट बाईकडून एजन्सीला, एजन्सीकडून ओमेशला. जेवण किती, झोप किती, मूड कसा. त्या रिपोर्टात माझ्याबद्दल सगळे असायचे, फक्त मला कोणी विचारलेले नसायचे. ओमेशने ओसरीत एक कॅमेराही बसवला होता. त्यात मी दिसायची, पण ऐकू यायची नाही.

मंजू तिसरी. छत्तीसगढमधल्या दुर्गकडची, चाळिशी उलटलेली, हिंदी बोलणारी. हाताला हलकी. वेणी घालताना केस ओढायची नाही. पण माझी बोली तिला कळायची नाही, त्यात माझी जीभ जड. मी वरणात सांबार टाक म्हटले की ती बिचारी इडलीबरोबरच्या सांबाराचा विचार करायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिला कोण सांगणार? तिने एजन्सीला कळवले, पेशंट रोज साउथ इंडियन खाना मागते. असे एकेक साचत गेले. ‘असंबद्ध बोलतात’ हा शब्द माझ्या रिपोर्टात रोज येऊ लागला. हे मला फार उशिरा कळले.

कलम ३. घरामागची धानाची शेती व तिच्या वरच्या अंगाची बोडी ओमेशला मिळावी. बोडी म्हणजे शेततळे. पुण्याच्या एखाद्या वकिलाला हा कागद दाखवाल तेव्हा त्याला समजावून सांगा, कारण याच शब्दाने माझा घात होत होता.

ही बोडी मी आणि चुन्नीलालने स्वतः खोदली. ते खणत, मी माती डोक्यावर वाहून पार, म्हणजे कडेचा बांध, घालत असे. ओमेश तेव्हा माझ्या पोटात होता. पुढे जास्तीचे पाणी सोडायला चुन्नीलालने पारेच्या पोटातून एक लोखंडी पाइप टाकला आणि तोंडाला झाकण बसवले.

मागच्या ऑगस्टात झड लागली होती. सकाळी मी मागच्या खिडकीशी बसले होते. पारेला कोपऱ्यात भेग पडून पाणी वाहताना मला दिसले. जमीन ठेक्याने करणारा कवडू सासऱ्याच्या आजारपणासाठी दरेकशाला गेला होता. मी मंजूला हाक मारली. म्हटले, “माझी बोडी फुटली वो! पानी वाहून चाललं!”

तिने धावत येऊन माझे अंग चाचपले. “कहाँ से, मॅडम? कहाँ दर्द है?”

“माले नाही, बोडीले! बोडी फुटली!”

“कुछ नहीं फूटा है. बॉडी ठीक है आपकी. लेट जाइए.”

मी डाव्या हाताने खिडकीबाहेर दाखवत होते. तिला पाऊस दिसत होता. मी ओसरीत येऊन बाहेरच्या दाराकडे निघाले तर तिने कडी लावली, कारण पेशंट पडला तर जबाबदारी तिची. मी ओरडले, तशी माझी जीभ आणखीच अडखळली. ओमेशने कॅमेऱ्यात पाहिले, आई हात उडवते आहे आणि बाई तिला धरून ठेवते आहे. त्याने एजन्सीला फोन केला. एजन्सीने मंजूला विचारले. मंजूने जे समजले ते सांगितले: पेशंट म्हणते माझी बॉडी फुटली, त्यातून पाणी वाहते आहे. एजन्सीच्या बाईंनी तिला सांगितले, झोपेची गोळी दे, मानसोपचाराच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवतो.

मी माझ्या घरात बसून माझ्या शेताचे पाणी वाहून जाताना पाहत होते, आणि जगात एकही माणूस माझे ऐकत नव्हता. नवरा गेला तेव्हाही मला इतके एकटे वाटले नव्हते.

कलम ४. आता दुधरामबद्दल. दुधराम बिसेन हा आमचा खालच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, शेजारी आणि चुन्नीलालचा लहानपणापासूनचा दोस्त. बोडीचे जादा पाणी कोणाच्या शेतातून काढायचे यावरून दोघांचे बिनसले. बोलणे तुटले ते तुटलेच. तो चुन्नीलालच्या तेरवीला आला नाही. हे मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. या कागदात आले आहे ते खोडू नये.

त्या दिवशी तो भांडायला आला. खांद्यावर पोते पांघरलेले, चिखलाने भरलेला. दार बंद पाहून खिडकीशी येऊन ओरडला, “ओ वयनी! तुमच्या बोडीचं पानी माझ्या बांधीत घुसून राहिलं! माझं धान बुडाल्यावर उठाल काय?”

“तेच सांगून राहिली ना मी सकाळपासून!” मी म्हटले. “बोडी फुटली! हे बाई आयकतच नाही!”

मंजू हातात गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी होती. ती म्हणाली, “देखिए, भैया, फिर वही. सुबह से बोल रही हैं, बॉडी फूट गई.”

दुधरामने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “अवो बाई, बॉडी नाही, बोडी! तालाब! छोटा तालाब! वो पीछे देखो, फूट गया ना!”

मंजूने तेव्हा पहिल्यांदा खिडकीतून पारेकडे पाहिले. तिच्या हातातला पेला तसाच राहिला. मग तिने गोळी खिडकीबाहेर टाकली आणि दाराची कडी काढली.

दुधरामची पोरे पोत्यांत माती भरून आली, पण पाण्याचा जोर इतका, की टाकलेले पोते वाहून जायचे. मी म्हटले, आधी पाइप उघडा. पाइप टाकला तो भांडणानंतर, त्यामुळे दुधरामला तो माहीत नव्हता. मंजूने एका हाताने मला सावरून, दुसऱ्याने डोक्यावर छत्री धरून पारेच्या पायथ्यापर्यंत नेले. मी चिंचेच्या झाडाखालची जागा दाखवली. पोरांनी गाळ उपसला, झाकण सापडले, उघडले. पाणी नाल्याकडे गेले, भेगेवरचा जोर उतरला आणि पोती टिकली. माझ्या दोन बांध्या गेल्या. दुधरामचे धान वाचले.

मग त्याने माझ्याच फोनवरून ओमेशला लावला. “बाबू, तुझी माय बेस आहे. बोडी खरंच फुटली होती. तू माणसं ठेवली, पण तिची बोली समजणारं एक नाही ठेवलं.”

फोन ठेवून तो ओसरीत बसला. मंजूने त्याला चहा दिला. तो चहा बशीत ओतून प्यायला. मग म्हणाला, “चुन्नी असता तं मले शिव्या दिल्या असत्या, एवढ्या उशिरा आलो म्हणून.” मी म्हटले, “मी देऊन राहिली ना, त्याच्या वाट्याच्याही.”

म्हणून असे ठरवते, की बोडीच्या पाण्यावर दुधराम बिसेन व त्याच्या मुलांचा ओमेशइतकाच हक्क राहील. जमीन कोणालाही विकली तरी हा हक्क टिकेल असे वकील साहेबांनी वेगळ्या कागदाने पक्के केले आहे. पारेची देखभाल दोघांनी मिळून करावी.

कलम ५. ओमेश दुसऱ्या दिवशी आला. नागपूरच्या डॉक्टरची वेळ आधीच घेतलेली, दलालाशी बोलणे आधीच झालेले. माझ्या पायाशी बसून म्हणाला, “आई, मला वाटलं तुझं डोकं…”

“डोस्कं जाग्यावर आहे, बाबू. तोंड वाकडं झालं.”

“मी रोज रिपोर्ट वाचत होतो गं. एक दिवस चुकवला नाही.”

“हो. माले काऊन नाही विचारलं?”

तो म्हणाला, “तुझं बोलणं मला फोनवर कळायचं नाही. पुन्हा पुन्हा विचारलं की तू दमायचीस. मला ते ऐकवत नव्हतं.” आणि लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता रडला. मी डाव्या हाताने त्याचे डोके धरले. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी मलाच फोन करतो. कळले नाही तर पुन्हा विचारतो. मी दमते. दमू द्या. कॅमेरा त्यानेच काढला. दलालाला त्यानेच नाही सांगितले. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, हे जगाने वाचावे.

कलम ६. एजन्सीने मंजूची बदली कोरबाला केली. ती गेली, आणि काही दिवसांनी स्वतःच्या पेटीसह परत आली. आता ती एजन्सीची नाही, आमची आहे. मला मॅडम म्हणत नाही, दाई म्हणते. तिच्याकडे आईला दाई म्हणतात. तिला माझी बोली येते, मला तिची छत्तीसगढी थोडी थोडी येते. वरणात सांबार न सांगता पडतो.

माझी कोशाची साडी व मागची खोली मंजूची. तिला राहायचे असेल तोवर तिने राहावे. घर विकले गेल्यास ओमेशने आधी तिची सोय लावावी. माझ्या सोन्याच्या बांगड्या दुर्गेश्वरीला. बँकेत जे उरेल ते ओमेशने घ्यावे. चुन्नीलालचे पाने, स्पॅनर व दुरुस्तीची सगळी पेटी कवडूला, कारण तोच ती वापरतो आणि पुसून ठेवतो. ओट्सचा डबा एजन्सीला.

कलम ७. वकील साहेब म्हणाले, मृत्युपत्रात मरणानंतरचे लिहायचे असते, आजारपणाचे नाही. तरी लिहा म्हटले. पुढे माझी वाचा पूर्ण गेली, तर कोणतीही बाई किंवा डॉक्टर ठेवताना आधी माझ्यासमोर आणावे. माझ्याबद्दलचे बोलणे माझ्यासमोर करावे. मी उत्तर दिले नाही तरी थोडे थांबावे. म्हाताऱ्या माणसाचे उत्तर उशिरा येते, पण येते.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी केशोराव गुरुजींनी करावी. दुधरामला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला कागदातून काही मिळते त्याची सही नको, असे वकील साहेबांनी सांगितल्यावर तो रुसून बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत बोलवा.

कलम ९. ओमेश, हे शेवटचे तुझ्यासाठी. मी जाईन तेव्हा तू जवळ असशीलच असे नाही. वाट पाहायला लावू नका. जे असतील त्यांनी अंत्यसंस्कार करावे. तू उशिरा पोहोचलास म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. पुण्याची वाट तुला मीच दाखवली होती. तू गेलास तेव्हा मी गोंदियाच्या फलाटावर उभी होते, आणि गाडी हलली तेव्हा मला आनंदच झाला होता. मोठा आनंद. तो अजून उतरलेला नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते.

सही: सुशिलाबाई चुन्नीलाल रहांगडाले (डाव्या हाताने)

आम्हा दोघांदेखत बाईंनी सही केली व बाईंदेखत आम्ही केली. मी डॉक्टर या नात्याने त्यांना तपासले, प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे सावकाश व स्पष्ट होती. एक शब्द मला कळला नाही, तो मी पुन्हा विचारून घेतला.

साक्षीदार:
१. डॉ. इंद्रकुमार पटले, गोंदिया
२. केशोराव कटरे, निवृत्त शिक्षक, दवनीवाडा

स्थळ: दवनीवाडा, ता. व जि. गोंदिया
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५