तीन दशांश सेकंद आणि क्लेमच्या सुधारणा

हुऑनव्हिल, टास्मानिया,
बुधवार, १२ मार्च

प्रिय एव्हिसताईस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकून. गेले दोन महिने मी ज्या गाडीतून चढउतार करते आहे, तिच्या कृपेने मला सरळ उभं राहता येत नाही.) तुझा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितली, की अजून ती घेऊन शेजारच्या मांजरामागे धावतेस? लॉन्सेस्टनला एव्हाना थंडी पडली असेल, तेव्हा सकाळी अंगणात अनवाणी फिरू नकोस. इथे सफरचंदांची तोडणी चालू आहे, रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. आमच्या घरी म्हणशील तर मी बरी आहे आणि क्लेम जिवंत आहे. फोनच केला असता, पण फोन बैठकीत आहे आणि बैठकीतल्या खुर्चीतून क्लेम हलत नाही, आणि तू काही मोबाइल घ्यायला तयार नाहीस. म्हणून हे पत्र. सावकाश बसून वाच, चहा घेऊन.

खाणीच्या टेकडीवरची शर्यत तुला माहीतच आहे. एप्रिलचा पहिला रविवार, एका वेळी एकच गाडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत अकरा वळणं, आणि वर घड्याळ घेऊन बसलेला माणूस. जो एका मिनिटाच्या आत चढेल त्याचं नाव क्लबच्या हॉलमधल्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहितात. अडतीस नावं आहेत त्यावर. त्यातला एक तर आता गाडी मागे घेताना स्वतःचंच फाटक पाडतो, पण नाव आहे. माझं नाही. अकरा वर्षं मी माझी लाल, बिनटपाची, दोन माणसांची जपानी गाडी घेऊन त्या टेकडीवर चढते आहे, आणि माझी उत्तम वेळ आहे साठ सेकंद आणि वर तीन दशांश. ताई, तीन दशांश! एवढ्या वेळात धड शिंकताही येत नाही. आणि हे शेवटचं वर्ष आहे गं. कौन्सिलने टेकडी घरं बांधायला दिली, जूनमध्ये बुलडोझर येणार. म्हणजे यंदा लागलं तर लागलं, नाहीतर माझं नाव त्या फळ्यावर कधीच लागणार नाही. रात्रंदिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, हे तुला सांगायला लाज कसली.

आणि नेमका ह्याच वर्षी आमचा क्लेम निवृत्त झाला. चाळीस वर्षं सफरचंदांच्या पेट्यांवर खिळे ठोकलेला माणूस, एका सकाळी उठला आणि गाडीच्या वळण्याविषयीचा जाणकार झाला. कसा झाला? कुठल्याशा टोपी उलटी घातलेल्या पोराचे व्हिडिओ पाहून. तो पोरगा गॅरेजात बसून बोलतो, आणि क्लेम जेवणाच्या टेबलावर बसून तेच मला ऐकवतो, आणि मी बटाटे वाढत असते. "नोलीन, तुझ्या गाडीत ताकद भरपूर आहे गं, पण ती वळणावर लोळते. तुझे ते तीन दशांश सगळे लोळण्यात जातात. आपण तिला नीट बसवू." आपण! ज्याने लग्नात मिळालेली घडीची खुर्ची चौतीस वर्षांत एकदाही नीट उघडली नाही, तो माझी गाडी बसवणार. पण तीन दशांश म्हटलं की मी विरघळते, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी हो म्हणाले. माझ्यासारखी मूर्ख बाई अख्ख्या टास्मानियात सापडायची नाही.

आधी आल्या स्प्रिंगा. त्यांच्या जोडीला शॉकअप, जांभळ्या रंगाचे. (रंग का, तर म्हणे जलद दिसतो. गाडीच्या पोटाखाली, जिथे देवालाही दिसत नाही, तिथे!) स्प्रिंगा इतक्या कडक की रस्त्यावरच्या नाण्यावरून चाक गेलं तर छापा होता की काटा ते बसल्या जागी कळावं. तिसऱ्या दिवशी माझ्या दाढेची टोपी निखळली. दंतवैद्याने विचारलं, काय खाल्लंत? मी म्हटलं, काही नाही, पोस्टात जाऊन आले. मग आला कलू न देणारा दांडा, मनगटाएवढा जाड, दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना बांधून ठेवणारा. मग रुंद टायर, ते इतके चिकट की आमच्या रस्त्यावरची निम्मी खडी घरी येते आणि सुटी होऊन दारात पडते, आणि झाडते कोण? तुझी बहीण. आणि शेवटी गाडी दोन इंच खाली आणली. व्हिडिओतल्या पोराने सांगितलं होतं की गाडी जितकी जमिनीजवळ तितकी वळणाला पक्की. असेल बाई. पण त्या पोराला कधी होडीत चढायचं नसतं.

आम्हाला होतं. क्लेमच्या चुलतबहिणीकडे ब्रूनी बेटावर जेवण होतं, म्हणून केटरिंगला फेरीबोटीच्या रांगेत लागलो. उतारावरून पुढची चाकं बोटीवर गेली, मागची जमिनीवर राहिली, आणि मधे माझी गाडी पोटावर बसली. पुढे नाही, मागे नाही. मागे चाळीस गाड्या. आपल्याकडच्या पुरुषांना तू ओळखतेस, कुणाची गाडी अडली की लग्नाला निघाल्यासारखे उतरतात. एक म्हणे हवा वाढवा, एक म्हणे हवा सोडा, एकाच्या हातात कालवांची बादली होती, तो नुसताच मान हलवत होता. शेवटी सहा जणांनी गाडी उचलून आत ठेवली. मी उतरते म्हणत होते तर क्लेम म्हणतो, "बस बस, तुझं कितीसं वजन!" ज्याने मागचा कोपरा धरला होता त्याने कण्हत माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजिबात आवडलेलं नाही. आणि क्लेम काय करत होता? जांभळ्या शॉकअपची माहिती देत होता. त्या कालववाल्याला!

हे सगळं मी सोसलं. दाढ सोसली, खडी सोसली, कुबड सोसलं, कारण डोळ्यांपुढे फळा होता. मग गेल्या रविवारी सराव झाला. ताई, उजवी वळणं अशी घेतली म्हणून सांगू, गाडी बोटाच्या इशाऱ्यावर फिरत होती, मला वाटलं आज झालं काम. आणि डावं वळण आलं की तीच गाडी म्हशीसारखी सरळ! चाक फिरवते आहे, फिरवते आहे, आणि ही चालली आहे कुंपणाकडे. तिसऱ्या डाव्या वळणावर मी ब्लॅकबेरीच्या जाळीत होते. काटे काढता काढता वेळ ऐकली. त्रेसष्ट सेकंद आणि चार दशांश. एवढ्या सगळ्या सुधारणा करून मी तीन सेकंद मागे गेले! घड्याळ घेऊन क्लेम आला आणि काय म्हणाला असेल? "तू स्टिअरिंग जरा उशिरा फिरवतेस." त्या क्षणापासून मी त्याच्याशी बोलत नाही. मीठ हवं असेल तर बोट दाखवते.

आज सकाळी मात्र मी एकटीच सिग्नेटला डगल मॅकिव्हरच्या शेडवर गेले. डगलकडे चार वजनकाटे आहेत, एकेका चाकाखाली एकेक ठेवायचा. गाडीत चालवणारा बसतो, आणि मग डगल स्प्रिंगांच्या कड्या वरखाली फिरवत बसतो, जोवर चाकांच्या दोन्ही तिरक्या जोड्यांवरचा भार सारखा होत नाही. तसं केलं की गाडी डावीउजवीकडे सारखीच वळते. आमची गाडी जानेवारीत तिथेच बसवली होती. डगल काही बोलणारा माणूस नाही, त्याने तेव्हाचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर लिहिलेलं होतं: चालक, एकशे अठरा किलो.

मी दोनदा वाचलं. मग डगलकडे पाहिलं. तो म्हणाला, "क्लेम बसला होता ना. मी समजलो, यंदा तोच चालवणार." आलं ध्यानात? माझी गाडी, माझी टेकडी, माझं शेवटचं वर्ष, आणि गाडी बसवली आहे त्या पिंपाच्या मापावर! मी आत बसले की उजवी बाजू हलकी पडते आणि सगळं तिरपागडं होतं. एका गाडीवर दोघांना नाव देता येतं, क्लबाचा नियमच आहे तसा, पण एक गाडी दोघांच्या वजनावर बसत नाही. म्हणजे या माणसाने गुपचूप स्वतःसाठी गाडी शिवून घेतली आणि मला सांगितलं, तुझ्यासाठी करतोय. "लोळते," म्हणे! मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मला इतका राग आला आहे ताई, की येताना सगळी वळणं मी नीट घेतली, डावीसुद्धा.

असो. खुब्याची काळजी घे. तुझ्या लिंबाच्या मुरांब्याची बाटली संपली हे सहज लिहिते.

तुझी,
नोलीन

ता. क. मुरांब्याचं राहू दे. खरं काम असं आहे. डगलकडे आता एकच दिवस मोकळा आहे, शनिवार, २९ मार्च. त्या दिवशी चालकाच्या खुर्चीत मी बसणार, आणि क्लेम तिथे नको. तेव्हा शुक्रवारी तू आजारी पड. फार नको, घरात पाणी गळतंय एवढंही पुरे, पण त्याला तातडीने बोलावून घे आणि रविवारपर्यंत सोडू नकोस. तो तुला घाबरतो, येईल.

ता. क. दुसरा, गुरुवार. पत्र टपालात टाकायला निघाले तर क्लेमच्या टोपीखाली ठेवलेलं एक पाकीट दिसलं. त्यावर तुझंच नाव, क्लेमच्या अक्षरात. मी ते किटलीच्या वाफेवर उघडलं. (तू माझ्या जागी असतीस तर फाडलंच असतंस.) वाटलं, हाही तुला आजारी पडायला सांगतोय, मला बोलावून घे म्हणून. वाचते तर अर्धंच पान. जशाच्या तशा उतरवते: "एव्हिस, नोलीनचं वजन किती आहे? डगलने जानेवारीत विचारलं होतं. मी विचारायला घरी आलो तेव्हा ती कांदा चिरत होती, हातात सुरी होती, म्हणून परत जाऊन मीच बसलो. वाटलं, काय एवढा फरक पडणार. आता माझ्यामुळे तिचं नाव फळ्यावर लागायचं राहील आणि मला झोप येत नाही. तुम्ही दोघी गेल्या वर्षी त्या छोट्या विमानातून फिरायला गेलात तेव्हा वैमानिकाने सगळ्यांना काट्यावर उभं केलं होतं, तुला आकडा दिसला असेल. कळव, मी तेवढ्या वजनाच्या खताच्या पिशव्या भरून ठेवतो आणि डगलकडे मोकळा असलेल्या शनिवारी गाडीच्या खुर्चीत नेऊन ठेवतो. तिला सांगू नकोस."

चौतीस वर्षं, ताई. या माणसाला वाघाची भीती वाटत नाही, कौन्सिलची वाटत नाही, आणि बायकोला एक आकडा विचारायची वाटते. मूर्ख, भित्रा, निव्वळ गाढव! मी चुलीपाशी बसून थोडी रडले. मग पाकीट पुन्हा चिकटवलं आणि जेवताना मीठ तोंडाने मागितलं.

तेव्हा तू आजारी पडू नकोस. माझं जाणंही आता नको. शनिवारी डगलच्या शेडमध्ये अर्धा क्लब चहाला जमतो आणि काट्याचे आकडे भिंतीवर लाल, हाताएवढे दिसतात. पिशव्याच जाऊ देत. तू क्लेमला लगेच उत्तर लिही आणि बासष्ट कळव. त्या वैमानिकाचा काटा बिघडलेला होता, हे तुलाही आठवत असेलच.

ता. क. तिसरा. माझंच पाकीट परत उघडलं. टपालपेटीपाशी गाडीतच बसून लिहिते आहे. ताई, एकाहत्तर लिही. बूट आणि हेल्मेट धरून चौऱ्याहत्तर. आकड्यात नको, अक्षरात लिही, म्हणजे त्याचा घोटाळा व्हायला नको.