दाराशी बोललेलं

मामा, तुम्ही इथल्या, आखातातल्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभ्या राहून डब्यातला उकडलेला कसाव्याचा कंद नारळाच्या दुधात बुडवून खात होतात आणि मी माझं अर्धं घावन तुमच्या बशीत ठेवत होते, तो दिवस आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. तुमच्या भाषेत मामा म्हणजे आई, हे सांगूनही माझी लेक खिदळायची, ‘आईची बॉस मामा आहे’ म्हणायची, आणि तुम्ही तिच्याहून मोठ्याने हसायचात. त्याच दिवशी कळलं, आपण दोघीही नन्सच्या शाळेतल्या. तुम्ही म्हणालात, ‘तरीच तुझे समास इतके सरळ. मला समासाबाहेर लिहायला शिकायला फार वर्षं लागली.’

तळ्याकाठच्या गावात डोक्यावरून पाणी वाहणारी मुलगी, मग गावोगावचे हातपंप बघणारी, आणि शेवटी इतक्या देशांत बायकांसाठी काम करणाऱ्या आपल्या संस्थेची प्रमुख. मोठ्या बैठकीत तुम्ही आधी विचारायचात, ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांची खुर्ची कुठे आहे? आणि आम्हाला एक शिस्त लावलीत. प्रश्न संपले तरी वही मिटायची नाही. माणूस उठता उठता, दाराशी जे बोलतं ते लिहायचं, आणि सगळं त्याला वाचून दाखवायचं. तुमच्या गावाकडे एक बाई पंप चांगला आहे म्हणाली होती, आणि निघताना म्हणाली, अंधारात मुलींना तिकडे पाठवत नाही. तेवढ्यावर तुम्ही तो पंप दुसरीकडे हलवायला लावलात.

रत्नागिरीकडची ती स्वयंपाकीण मालकाच्या घरातून निघून आपल्याकडे आली, तेव्हा तुम्ही तिच्यासमोर मला बसवलंत, भाषा एक म्हणून. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली आहे. पगार मिळतो का? मिळतो. जेवण? मिळतं. बाहेर तिला माबेल्याच्या निवाऱ्यात नेणारी गाडी हॉर्न वाजवते आहे. ती उठते, दाराला हात लावते आणि म्हणते, ‘बाय, मला त्या घरी परत नको धाडू.’ मी ते वहीत लिहिलं. पण टाइप करताना त्याला छापील कागदावर रकाना सापडेना. नीटनेटका कागद बिघडवायला मन घेईना. वाचूनही दाखवलं नाही, तिची गाडी चुकली असती. अहवालात तक्रार नव्हती, म्हणून समजूत घालून तिला परत पाठवलं. चौथ्या दिवशी ती त्या घराच्या गच्चीवरून खाली आली. पडली की काय, ते कुणी लिहिलं नाही.

तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन हळू विचारलंत, ‘दाराशी काही बोलली होती का?’ मी म्हटलं, ‘नाही, मामा.’ तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. बैठकीत म्हणालात, तिला मी स्वतः भेटायला हवं होतं, चूक माझी आहे. त्या वर्षी तुम्ही काम सोडून गावी गेलात. पुढे तुम्ही वारल्याचं मला इथेच, अल अमेरातच्या या स्वयंपाकघरात फोनवर कळलं. कुकरची शिट्टी होत होती. मी गॅससुद्धा बंद केला नाही.

गेल्या महिन्यात त्या बाईची मुलगी आली. सोहारला एका कारखान्यात काम करते, पत्ता शोधत आली. चहाला हात न लावता म्हणाली, ‘आंटी, अम्मी शेवटी काही बोलली होती का?’ मी म्हटलं, ‘फाइलमध्ये आहे तेवढंच, बेटा.’ दुसऱ्यांदा.

आता आम्ही कायमचे परत चाललोय. लेक खोकी भरते आहे. ‘आई, ही जुनी वही? फेकू ना, खलास?’ मी म्हटलं, फेकू नको. सगळं तिला सांगितलं. तिने वही उघडून ते पान अक्षर लावत वाचलं.

तुम्ही जाताना माझ्याकडे ठेवलेला डबा शेजारच्या, तुमच्याच भाषेच्या झांझिबारी आजीला द्यायचा, त्यात कसावाच शिजू दे. तुम्ही दिलेली शाल लेकीने ठेवायची. वही त्या मुलीला द्यायची, पण नुसती हातात नाही. ते पान आधी वाचून दाखवायचं. शुक्रवारी सोहारला जाणार आहोत. वाचणार लेक आहे, तिच्या अडखळत्या मराठीत. मी गाडीत बसून राहीन, असं तिला सांगितलंय.

हे पत्र आपल्या नन्सच्या इंग्रजीत लिहून तुमच्या डब्यात ठेवणार होते. पण आजीला इंग्रजी वाचता येतं.