बासष्ट कामगारांचा ठेकेदार

६ जानेवारी
ठरलं! ठेकेदार म्हणून स्वतःच्या नावावर नोंदणी करायची. वीस वर्षं बांधकाम करतोय, पण सरकारी कामाच्या फलकावर नाव कायम दुसऱ्याचं. नोंदणी त्याची, घमेली माझी. आता शेवगाव तालुक्यात शाळेच्या दोन खोल्यांचं टेंडर निघालंय. मुदत ३१ तारीख. फलकावर ‘कानिफनाथ’ एकदा तरी वाचायचंय.

रुपाली म्हणाली, “आधी आपल्या न्हाणीघराचं गळणं थांबवा, मग फलक लावा.” बायको आहे की तपासणी पथक!

८ जानेवारी
कागदांची यादी आणली. पॅन, जीएसटी, अनुभवाचे दाखले, बँकेचा ऐपतीचा दाखला, कामगारांची नोंद, कामगारांचा विमा. चारित्र्याचा दाखलासुद्धा लागतो. तो सगळ्यात सोपा निघणार — पोलिसांना माझी माहिती कमी आहे.

शिक्क्यावर अहमदनगर, अर्जावर अहिल्यानगर. नवा शिक्का टाकला करायला.

१३ जानेवारी
फजिती! नोंदणी कार्यालयातल्या रेश्मा मॅडमनी माझं नाव संगणकात घातलं आणि चष्मा वर केला. “अहो, तुम्ही तर मोठे ठेकेदार! बासष्ट कामगार आहेत तुमच्याकडे.”

माझ्याकडे सहा आहेत. लग्नसराईत चार.

मग डोक्यात प्रकाश पडला. बांधकाम कामगाराचं कार्ड काढलं की सरकारकडून भांड्यांचा संच मिळतो. कार्डाला ठेकेदाराचा दाखला लागतो — ‘याने माझ्याकडे नव्वद दिवस काम केले.’ आमच्या केडगावात शिक्का बाळगणारा शहाणा मीच. जो आला त्याला दिला! पिठाच्या गिरणीवाल्याला दिला, ब्यूटी पार्लरवालीला दिला. मेहुणा रविराज, त्याचं मोबाईलचं दुकान, त्यालाही दिला. साइटवर त्याने हातात थापी धरून फोटो काढला. उलटी धरली होती. चहा पीत पीत मी शिक्के मारले आणि स्वतःला दानशूर समजत होतो.

मॅडम म्हणाल्या, “मग बासष्ट जणांचा विमा दाखवा. त्याशिवाय नोंदणी नाही.”

त्यातले माझे खरे फक्त पाच. सत्तावन्न मानकरी.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ खाल्ला. गोड बोलणं जमलं नाही.

१७ जानेवारी
विम्याचं काम करणारी पूजा घरी आली. गल्लीतलीच पोरगी, मला काका म्हणते. यादी वाचता वाचता हसू दाबत होती. “काका, गोजरबाई वय पंच्याहत्तर? या स्लॅबवर चढतात?”

दोनच वाटा. ‘सत्तावन्न दाखले खोटे’ असं लिहून द्यायचं — म्हणजे नोंदणी गेली, वर गुन्हा. नाहीतर सगळ्यांचा विमा उतरवायचा. मी शूर माणूस. हप्ता भरला!

गोजरबाईंचं वय मात्र पूजाच्या नियमात बसेना. म्हातारीच्या नावावर काट मारावी लागली. उलट म्हातारीच मला विचारत होती, “भांडी परत द्यावी लागतील व्हय रं?”

१८ जानेवारी
माझे सहा, मग यादीत पाचच का, ते आज दुपारी लक्षात आलं. यादीत स्टीफन नाही.

स्टीफन — माझा पहिला गवंडी. सतरा वर्षं माझ्याबरोबर आहे. ओळंबा लावायला मला त्यानेच शिकवलं. बाकीच्या पाचांनी मागे लागून दाखले नेले, याने कधी मागितलाच नाही. बायको वारली, पोरगी एंजेला शेवगावला दिलेली. मागे विचारलं तर म्हणाला, “मला एकट्याला एवढी भांडी कशाला, शेठ?” आणि मीही विषय सोडला. रोज समोर असणाऱ्याला कसला आलाय दाखला!

आता नाव घालायचं तर नवा दाखला, कार्यालयात नवी नोंद, मग विमा. तारीख हुकेल. स्टीफनचं मागाहून करू.

२२ जानेवारी
पॉलिसी आली. पिठाची गिरणी सुरक्षित!

२४ जानेवारी
स्टीफन परांचीवरून पडला. मीच बांधायला लावली होती, घाईत. मांडीचं हाड मोडलंय. शुद्धीवर आहे.

२५ जानेवारी
सोमवारी ऑपरेशन. खर्चाचा आकडा मी दोनदा विचारून घेतला. रविराज आला. खरंच कळवळून म्हणाला, “दाजी, माझा विमा हाय ना? माझ्या नावावर दाखवा त्याला. माझं कार्ड घ्या.” मला ते पटलं. लिहायला लाज वाटते, पण पटलं. वर मनात आलं — बरं झालं, हप्ता वाया गेला नाही! दवाखान्याच्या कागदावर स्टीफनचा रविराज केला. स्टीफनला विचारलंसुद्धा नाही.

२६ जानेवारी
दुपारी नर्स औषध घेऊन आली. “रविराज कोण?” स्टीफन शेजारच्या खाटेकडे बघायला लागला. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मीच पुढे होऊन औषध घेतलं. ती गेल्यावर त्याला सगळं सांगितलं. यादी, हप्ता, सत्तावन्न नावं. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंख्याकडे बघत होता. मग म्हणाला, “शेठ, उद्या टेबलावरच गेलो तर कोन मेलं म्हनायचं? एंजेलाच्या हातात कागुद कोनाच्या नावाचा देनार?”

त्याचं पांघरूण सारखं करत बसलो. सारखंच होतं ते.

घरी आल्यावर रुपालीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “तुम्हाला फलकावर नाव पाहिजे होतं ना?”

२७ जानेवारी
सकाळी आधी दवाखान्यात जाऊन नाव दुरुस्त केलं. खर्च माझा. मग कार्यालयात लेखी दिलं — सत्तावन्न दाखले खोटे, मीच दिले. रेश्मा मॅडमनी दोनदा वाचलं. “गुन्हा दाखल होईल. कळतंय ना?” कळतंय म्हटलं. दोन वाजता स्टीफनला आत नेलं. नर्सने दारातून नाव पुकारलं, आणि त्याने ओ दिली.