डावीकडे कललेलं बोळकं

रिफा, बहारीन
शुक्रवार, १९८२

आबा,

पाया पडते. हे पत्र माझ्या पेटीतच राहणार आहे, म्हणून खरं लिहिते.

मी कामाला आहे त्या डॉक्टरीणबाईंनी आज मुलांबरोबर मलाही बहारीन दाखवलं. मुहर्रकची नक्षीदार जुनी घरं पाहिली, किल्ला पाहिला. शेवटी गाडी कुंभारांच्या गावात थांबली. तिथं चाक पायानं फिरवतात. मी तिथून हलेचना, तेव्हा म्हातारा कुंभार चाकावरून उठला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "यल्ला, बैठो." यल्ला म्हणजे चल.

आपल्यात बायकांनी चाकाला शिवायचं नाही. लहानपणी मी हात लावला, तर तुम्ही चाक धुऊन घेतलंत. मी नुसती माती तुडवत राहिले.

आज बसले, आबा. पाच वेळा फसलं, सहाव्यांदा बोळकं उभं राहिलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "किसने सिखाया?"

"बाप ने," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. उंबऱ्यावर बसून मी रोज तुमचे हातच बघत होते.

भाजून झालं की सुट्टीवर येताना आणीन, बाजारातलं म्हणून देईन. पण त्याचं तोंड जरा डावीकडे कललंय, तुमच्या मडक्यांसारखंच. तुम्ही टिचकी मारून विचाराल, कुणाच्या हातचं?

मी गप्प राहिले, तर ओळखून घ्या.

तुमचीच,
मालू